छातीचा फोटो

माझ्या हिशोबाच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचं एक सदर आहे, आणि ते फक्त खर्चाच्या बाजूला आहे. जमेला किरकोळ असं काही नसतं. मलकापुरातल्या एका अनुदानित शाळेत चौतीस वर्षं कीर्द लिहिली, तिथं हे शिकलो. जमा झालेल्या प्रत्येक रुपयाला आईबाप असावे लागतात, नाहीतर ऑडिटर आक्षेप काढतो. खर्च झालेला रुपया मात्र अनाथ निघाला तरी चालतं; त्याला किरकोळात आसरा मिळतो. रिक्षा, सुतळी, देवळातली पेटी, साहेब येणार म्हणून मागवलेला आणि साहेब न आल्यामुळे आपणच प्यायलेला चहा, हे सगळं तिथं सुखानं नांदतं.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी वही चालू आहे. त्या वहीत २०२५ च्या दिवाळीत एक नवीन पान उघडलं. वर लिहिलं : ‘व्हिसा मेडिकल, अंदाजपत्रक’. खाली दोन रेघा.

आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो तिकडचा नागरिक झाला आणि त्यानं आईबापांना बोलावण्याचा अर्ज टाकला. अर्जाचे पैसे त्याचे. एका माणसामागे आधी ६२५ डॉलर, मग पोषणाच्या हमीपत्राचे १२०, मग व्हिसाचे ३२५, आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीनकार्ड छापायचे २३५. बेरीज तेराशे पाच. डॉलर अठ्ठ्याऐंशीच्या पुढे गेलेला, तेव्हा दोघांचे मिळून सव्वादोन लाखांच्या वर. भरायची वेळ आली तेवढे सगळे त्यानं तिकडे बसल्या बसल्या एका बोटानं भरले. मी नुसता पाहत होतो. ज्या पोराच्या वसतिगृहाची फी मी तीन हप्त्यांत भरली, तो आता माझी फी एका हप्त्यात भरत होता. अभिमान वाटला. थोडा रागही आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना.

शेवटी फोनवर तो म्हणाला, “बाबा, मेडिकलचे किती लागतील ते सांगा, पाठवून देतो.”

“मेडिकलचं आम्ही पाहू,” मी म्हणालो.

“अहो, पण...”

“पाहू म्हटलं ना.”

फोन ठेवला आणि मागं वळून पाहिलं तर सौ. दारात उभी. “कशाचं पाह्यतो म्हणता?”

समजावून सांगितलं. अमेरिकेत कायमचं जायचं तर आधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याला कुठला पसरणारा रोग नाही, हे त्यानं लिहून द्यायचं. हे डॉक्टर मोजक्याच शहरांत आहेत, आणि व्हिसाची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत असल्यामुळे आपल्याला मुंबईच बरी.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे आपल्याले काही झालेलं नाही, हे सांगाचे पैसे?”

“हो.”

“झालं असतं तं कमी लागले असते?”

उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आमच्या घरच्या हिशोबात आजारपणाला ओळ होती, औषधाला होती, सलाईनला होती. धडधाकट असण्यावर आजवर आम्ही पैसा खर्च केला नव्हता.

तसं पाहिलं तर एकदा केला होता. १९८० साली नोकरीला लागलो, तेव्हा तंदुरुस्तीचा दाखला आणायला बुलढाण्याला गेलो होतो. मोताळ्यावरून एस.टी., राजूरच्या घाटात पोटातलं ढवळून निघालेलं, आणि जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही आठ-दहा नवे नोकरदार शर्ट काढून रांगेत. एका कंपाउंडरनं टेप लावून छाती मोजली, न फुगवता आणि फुगवून. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. माझ्या आधीच्या सात जणांनी तीच ओळ मोठ्यानं वाचली होती, म्हणून मी डोळे मिटूनही पास झालो असतो. त्या एका कागदावर चौतीस वर्षं नोकरी झाली. अमेरिकेच्या तपासणीची मुदत सर्वसाधारणपणे सहा महिने. आमची तंदुरुस्ती दुधाच्या पिशवीसारखी होऊन बसली आहे, वर तारीख.

मुंबईच्या क्लिनिकला फोन केला. पलीकडच्या मुलीनं तपासणीचा आकडा सांगितला आणि म्हणाली, “लसी वेगळ्या हं काका.” तो आकडा मी एकदा अंकात आणि एकदा अक्षरात लिहिला, चेकवर लिहितात तसा, म्हणजे खाडाखोड करून तो कमी करण्याचा मोह होणार नाही. दोघांचा मिळून तो आमच्या लग्नाच्या खर्चापेक्षा जास्त भरला. लग्नाचा हिशोब माझ्याकडे आहे : १९८५, एकूण ११,३४० रुपये, वाजंत्री धरून.

भाऊबीजेला मेहुणा आला. मोताळ्याकडे त्याची शेती, आणि त्याला जगातला कुठलाही आकडा कापसात रूपांतर केल्याशिवाय समजत नाही. पोरीची फी सांगा, मोटरसायकल सांगा, तो डोळे वर करून पुटपुटतो आणि क्विंटल सांगतो. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. अर्थात तो कागदावर. ओलावा जास्त निघाला की त्यातूनही कापतात. त्यानं माझं अंदाजपत्रक वाचलं, पुटपुटला आणि म्हणाला, “भाऊजी, तुमच्या छातीत लय कापूस चालला.”

मग त्याचा मूळ मुद्दा आला. ऑगस्टात सरकारनं बाहेरच्या कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क माफ केलं, ते डिसेंबरअखेरपर्यंत. “म्हणजे पाहा, त्यांच्या गाठी इकडं येतात तं सरकार म्हणते या, बसा. अन् तुम्ही तिकडं जाता तं ते म्हणतात, शर्ट काढा.”

मी हसलो, पण तो हसला नाही. त्याची वेचणी चालू होती आणि मजूर मिळत नव्हते.

ओवाळून झाल्यावर त्यानं ताटात पाकीट ठेवलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं तसलं. सौ.नं ते न उघडताच शेवयांच्या डब्यात टाकलं. भावाचं पाकीट ती माझ्यासमोर कधी उघडत नाही. माझ्या वहीच्या भीतीनं.

खरं म्हणजे अमेरिकेचा आणि आमच्या मुलखाचा व्यवहार जुना आहे, आणि त्यात कापूसच मधे आहे. १८६१ ते ६५ तिकडे यादवी युद्ध पेटलं, त्यांचा कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर ओलांडत १८६७ पर्यंत नागपूरला पोचला. त्या रुळांचा आवाज आमच्या घरी रात्रभर येतो. आमचे वडील जिनिंगमध्ये होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी जायचो, तेव्हा आतली हवा पांढरी दिसायची. भुवयांवर, मिशांवर, पाण्याच्या माठावर कापसाचे तंतू. वडील बाहेर येऊन आधी खोकायचे, मग डबा उघडायचे.

हे आठवलं आणि माझं अंदाजपत्रक डळमळलं.

कारण या तपासणीचा जीव छातीच्या फोटोत आहे. आमच्याकडे एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात. पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येकाचा तो काढतात आणि त्यात क्षयाचा डाग शोधतात. डाग दिसला, किंवा नुसता संशय आला, तरी बेडका तपासायचा : सलग तीन दिवस नमुने द्यायचे, मग ते रुजत घालायचे, आणि त्याचा निकाल यायला आठ आठवडे. त्यात काही निघालं तर आधी उपचार, मग पुढचं. म्हणजे मुंबईच्या फेऱ्या, राहणं, पुन्हा मेडिकल. शाळेच्या अंदाजपत्रकात याला ‘आकस्मिक’ म्हणत. मी ती ओळ लिहिली. समोर काय रक्कम मांडावी ते सुचेना. पेन्शनीतून बाजूला काढलेलं सगळं वरच्या ओळींत संपलं होतं. शेवटी आकस्मिकपुढे एक आडवी रेघ ओढली आणि वही टेबलावर तशीच राहिली.

रात्री झोप येईना, तेव्हा आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा छातीचा फोटो मागणारं कुणी नव्हतं. क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५ चा. त्या तिकडे डॉक्टर झाल्या, आजारी होऊन परतल्या, आणि बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. आता तेच लोक आपल्या फुप्फुसात उजेड पाडून पाहतात. पाहू देत. पण पैसे आपण भरायचे, हे मला नीट पचत नव्हतं.

कारण पूर्वी असं नव्हतं. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर १८९२ पासून उतारू तपासायला सुरुवात झाली. लोक सामान घेऊन जिना चढायचे आणि वर उभे असलेले डॉक्टर नुसते बघायचे : कुणाला धाप लागते, कोण लंगडतो. माणसामागे काही सेकंद. संशय आला की कोटावर खडूनं अक्षर काढायचे, हृदयाचं एक, डोळ्यांचं एक, पायाचं एक. चलाख उतारू कोट उलटा करून घालत, असंही सांगतात. ज्याला नाकारलं त्याला परत नेण्याचा खर्च आगबोट कंपनीच्या माथी. १८९१ चा कायदाच तसा होता. रोगी आणला तर पुढे १९०३ पासून वर शंभर डॉलर दंड. म्हणून कंपन्या युरोपातल्या बंदरावरच आपले डॉक्टर नेमून माणसं पारखून घेत. हा बंदोबस्त मला आवडला. खडूचा खर्च सरकारचा, परतीचा कंपनीचा, उतारूच्या वहीत काही नाही. पुढे हा सगळा खर्च हळूहळू सरकत उतारूच्या खिशात आला. खर्च असाच असतो. उतार दिसला की वाहत येतो.

सकाळी मी ठरवलं, मलकापुरातच आधी एक फोटो काढून घ्यायचा. रंगीत तालीम. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, “काही गरज नाही.” मग माझा चेहरा पाहून चिठ्ठी लिहिली. एक्स-रेसोबत रक्त तपासलं, रक्तासोबत शुगर तपासली, ती थोडी जास्त निघाली, म्हणून जेवणानंतरची तपासली, म्हणून तीन महिन्यांची तपासली. छाती स्वच्छ होती. पण मुंबईचा जास्तीचा खर्च टाळण्यासाठी केलेल्या या तालमीत आमचं परतीचं भाडं गेलं. “परीक्षेच्या आधी शिकवणी लावली,” सौ. म्हणाली, “अन् शिकवणीतच नापास.” शुगर ‘मेडिकल’मध्ये मांडावी की ‘किरकोळ’मध्ये, यावर मी बराच विचार केला. साखरच ती. किरकोळात टाकली.

लसींचं प्रकरण वेगळं. तिकडच्या यादीत धनुर्वात, गोवर-गालगुंड, कांजण्या, हिवाळ्यातला फ्लू, आमच्या वयाच्यांना न्यूमोनियाची, अशी रांग. घेतल्याचा कागद असेल तर पुन्हा नको. कागद! मी १९८२ सालची सायकलची पावती दाखवू शकतो. सायकल नाही, पावती आहे. पण गंजका खिळा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन, हे आयुष्यात दहा वेळा तरी घेतलं असेल. एकाचंही प्रमाणक नाही. करोनाचं तेवढं होतं, फोटोसकट छापलेलं. तर ती लस नेमकी २०२५ च्या जानेवारीत यादीतून काढून टाकलेली.

गोवराच्या लसीत मात्र एक चमत्कार झाला. १९५७ च्या आधी जन्मलेल्या माणसाला गोवर, गालगुंड होऊन गेलेलेच असणार, असं अमेरिकेच्या आरोग्य खात्याचं गृहीत आहे. त्याला ही लस लागत नाही. माझी जन्मतारीख १ जून १९५६. आता १ जूनबद्दल मराठी माणसाला काही सांगायला नको. आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र त्या दिवशी जन्मला, शाळेच्या दाखल्यात. आई सांगायची, तू पौषातला, तिळगुळाच्या आधीचा. म्हणजे खरा जन्म १९५७ च्या जानेवारीतला. पहिलीत बसवण्यासाठी मास्तरांनी मला सात महिन्यांनी मोठा केला. त्याचा फटका निवृत्तीला बसला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, तसा मी ३१ मे २०१४ ला घरी आलो, आणि सात-आठ महिन्यांचा पगार बुडाला. त्या पगारासाठी मी मास्तरांना अकरा वर्षं मनातल्या मनात बोललो. आता त्यांनी एक इंजेक्शन वाचवलं. रकमेचा मेळ बसत नाही, पण एवढ्या उशिरा का होईना, मास्तरांच्या नावे काहीतरी जमा झालं. सौ.चा जन्म १९६० चा. तिला सूट नाही. “तुमचा गोवर सरकारनं गृहीत धरला,” ती म्हणाली, “अन् मले खरंच आला होता तं मलेच सुई.”

धनुर्वाताचं आम्ही मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात घेतलं आणि या खेपेला कागदावर शिक्का मारून घेतला. दोनदा. एक पुसट उमटला होता.

आता राहिला प्रवास. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आणि पासष्टीच्या पुढच्या पुरुषांनाही अर्धं, त्यामुळे बुलढाण्यापर्यंत आम्ही राजासारखे फिरतो. पण पाचशे किलोमीटर रेल्वेनंच बरे, आणि रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनासाठी म्हणून थांबवली, ती गाडीखाली सापडल्यासारखी परत उठलीच नाही. पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास. तिकीट काढताना दर वेळी मी ती रक्कम मनात वजा करतो आणि मग पुन्हा मिळवतो.

मेडिकल आधी आणि मुलाखत नंतर, मधे काही दिवस. तेवढे दिवस डोंबिवलीत साडूकडे राहायचं की दोनदा जायचं, हा अंदाजपत्रकातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. कागदावर डोंबिवली फुकट. पण फुकट राहायचं तर हात हलवत जाता येत नाही. तुरीची डाळ पाच किलो, लाल मिरची, ज्वारीच्या पापड्या, शिवाय शेगावला दर्शन घेऊन येताना कचोरी. हे मांडत गेलो तर तिसऱ्या दिवसापासून लॉज स्वस्त पडत होतं. “आठ दिवस राह्यलो तं डाळ राहीन, बहीण नाही राहाची,” सौ.नं निकाल दिला. दोनदा जायचं ठरलं.

पैसे तिच्या पर्समध्ये, कारण माझ्या खिशाला मुंबईत कुणीही हात घालू शकतो असं तिचं मत आहे. हिशोब माझ्या वहीत. रात्री गाडीत बसलो, पहाटे कल्याणला उतरलो. साडूनं दार उघडलं आणि आधी डाळीच्या पिशवीकडे पाहिलं. माणूस वाईट नाही. मीही तेच केलं असतं.

डोंबिवलीहून लोकलनं माणशी पंधरा रुपयांत आम्ही क्लिनिकला पोचलो. त्या पंधरा रुपयांत जेवढी माणसं अंगावर आली, त्यांचं मेडिकल कुणी केलं होतं का, हा विचार मनात आला तो तिथंच सोडून दिला.

आत थंडगार. पंजाबी कुटुंब, गुजराती म्हातारी, हैदराबादेचं नवं जोडपं, सगळ्यांच्या मांडीवर सारख्या फायली. शेजारचे एक गृहस्थ बहिणीच्या अर्जावर निघाले होते. भावा-बहिणींच्या रांगेत त्यांनी इतकी वर्षं काढली की अर्ज टाकला तेव्हा लहान असलेला मुलगा एकविशीच्या पार जाऊन अर्जातून गळाला होता. “आता आम्ही दोघंच,” ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

डॉक्टरबाई तरुण होत्या. नाडी, दाब, डोळे. प्रश्न मला, उत्तरं सौ.ची. “दारू?” “नाही.” “तंबाखू?” “सोडली, अठ्ठ्याण्णवला.” “कधी टीबी?” “नाही. पण घोरतात.” बाईंनी ते लिहून घेतलं नाही. मग लस देण्यासाठी माझी बाही वर केली आणि दंडावरच्या त्या दोन गोल, खरबरीत वणांवर त्यांचं बोट थांबलं.

“हे काय?”

“देवी काढल्या होत्या.”

त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. इतक्या जवळून बहुधा पाहिलं नव्हतं. देवीचा रोगी भारतात १९७५ नंतर नाही, आणि बाई त्यानंतर खूप वर्षांनी जन्मलेल्या. मला वाटलं, आता तरी. माझ्याकडे लस घेतल्याचा एवढा एकच पुरावा, तो अंगावरच, कुणी फाडू शकत नाही, वाळवी लागत नाही. देवीवाला गावात आला की आम्ही पोरं गोठ्यात लपायचो. आईनं मला वैरणीतून ओढून काढलं होतं. पण देवी आता यादीत नाहीत. ज्या लसीचा दाखला जवळ होता, तिचा रोगच राहिला नव्हता. बाईंनी कापूस फिरवला, आणि त्या वणाच्या शेजारीच सुई घातली.

मग फोटो.

“मावशी, गळ्यातलं काढून ठेवा. धातू चालत नाही.”

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिनं ते काढलं असेल तर सोनाराकडे गाठवायला, तेही समोर बसून. मागं हात नेऊन तिनं हुक सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. शेवटी मी उठलो. हुक घासून पातळ झालेला, त्यात पदराचा एक धागा अडकलेला. माझ्या चष्म्याला तो दिसेना. मागं रांग. धागा तुटला, मंगळसूत्र माझ्या तळहातावर आलं, आणि ते गरम होतं. ती मान चोळत आत गेली.

दोन वाट्या आणि काळे मणी. लग्नाच्या हिशोबात ती नोंद आहे, ‘सोने, १ तोळा’. तेव्हा भाव दोन हजारांच्या आसपास. आमच्या मेडिकलच्या दिवशी सव्वा लाखाच्या घरात. मेडिकल, दोन्ही खेपांचं भाडं, साडूची डाळ, सगळं मिळून जेवढं होत होतं त्याच्या किती पट माल मी मुठीत धरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि चाळीस वर्षांत वहीत त्याचं मूल्यांकन एकदाही केलं नव्हतं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. ती अजून बाहेर आली नव्हती. तिला दुसऱ्या दारानं रक्त द्यायला नेलं होतं. मी शर्ट काढून खुंटीला अडकवला. मुलगा म्हणाला, “काका, छाती इथं टेकवा, हनुवटी वर. हात कमरेवर. मुठीत काय आहे?”

“हिचं मंगळसूत्र.”

“ठेवा ना त्या ट्रेमध्ये.”

“नको.”

“काही होत नाही काका, सगळे ठेवतात.”

“ट्रेची पावती नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. माझी मूठ आणखी खाली सरकवली, खांदे पुढे ढकलले. “श्वास घ्या. धरा. धरा.” मी धरला. श्वासही. वडिलांचा तो पांढरा जिन आठवला, आणि वाटलं, आत्ता एखादा तंतू दिसायचा. “सोडा.” झालं.

अहवाल ते परस्पर वकिलातीला धाडणार होते. काही निघालं तर फोन येईल, एवढंच सांगितलं. बाहेर फूटपाथवर मी मागं उभा राहून हुक लावला. या खेपेला दोन प्रयत्नांत लागला. शेजारचा केळीवाला पाहत होता, म्हणून अर्धा डझन केळी घेतली. किरकोळ.

परतीची गाडी रात्रीची. कसाऱ्याला थांबली, घाट चढायला मागून इंजिन लावतात तिथं. जेवण झालेलं, सौ. खिडकीशी. मी वही उघडली, तिच्या पर्समधलं पाकीट मागून घेतलं आणि मेळ घालायला बसलो. अंदाजपत्रकात धरलेल्यातून झालेला खर्च वजा, शिल्लक इतकी. नोटा मोजल्या. चुकलं म्हणून पुन्हा मोजल्या. मग खर्चाची एकेक ओळ तिला वाचून दाखवली. तिनं प्रत्येक ओळीला “हो” म्हटलं.

कमी पडले असते तर प्रश्न नव्हता. जास्त निघत होते. दोन हजार शंभर.

पाकीट उलटं केलं तेव्हा तळातून एक रुपयाचं नाणं पडलं. त्याच्या पाठीला वाळलेला गोंद आणि लाल कागदाचा कपटा.

वहीचं अंदाजपत्रकाचं पान उलटलं. ‘आकस्मिक’, आणि पुढे माझी आडवी रेघ.

“झोपा आता,” खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, “घाट लागला.”

बाहेर अंधार होता, दिसण्यासारखं काही नव्हतं. जमेच्या बाजूला किरकोळचं सदर मी कधी आखलंच नव्हतं. पट्टी घरी राहिलेली. पेन टेकवून नुसता बसलो. मागून इंजिनानं धक्का दिला, गाडी हलली, आणि कोऱ्या जागेत एक रेघ ओढली गेली, जराशी वाकडी.